नाव सातबाऱ्यावर लागेपर्यंत : दादासाहेब गायकवाडांचा लढा आणि आजचे भूमिहीन

गेल्या अंकात बाबासाहेब आंबेडकरांचे सहकारी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्यावर छोटी नोंद आली. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्मी त्यांच्या कार्याविषयी आहेत आणि निम्मी त्यांच्या नावाच्या योजनेविषयी. दोन्ही प्रश्न मुळात एकच असल्याने त्यांची उत्तरं इथे एकत्र देत आहोत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : दादासाहेब म्हटलं की आम्हाला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह आठवतो. भूमिहीनांना जमीन देणाऱ्या योजनेला त्यांचंच नाव का?
(एक शिक्षिका, नाशिक)

काळाराम सत्याग्रहात ते आघाडीवर होतेच. २ मार्च १९३० ला सुरू झालेला तो लढा पुढे कित्येक वर्षं चालला, आणि बाबासाहेबांच्या गैरहजेरीत नाशिकची बाजू दादासाहेबांनीच (मूळ नाव भाऊराव कृष्णाजी गायकवाड) लावून धरली. पण त्यांच्या राजकारणाचा कणा जमीन हाच होता. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी १५ ऑक्टोबर १९०२ ला त्यांचा जन्म झाला. १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधानसभेत गेले. खोती (कोकणातली जमीनदारी) नष्ट करा, महार वतनाच्या नावाखाली चालणारी वेठ थांबवा, हेच त्या पक्षाचं मुख्य म्हणणं होतं. १९५७ ते १९६२ लोकसभेत आणि १९६२ ते १९६८ राज्यसभेत असतानाही त्यांनी हा विषय सोडला नाही.

गावात राहणारा दलित माणूस ज्याच्या शेतावर मजुरीला जातो त्याच्याच विरोधात साक्ष कशी देणार, त्याच्याच पाणवठ्यावर हक्क कसा सांगणार? पोट दुसऱ्याच्या बांधावर असेपर्यंत कायद्याने दिलेली समता कागदावर राहते, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं. म्हणून १९५९ साली मराठवाडा, खानदेश, नाशिक, नगर या भागांत भूमिहीनांचा सत्याग्रह उभा राहिला. पडीक सरकारी जमिनी आणि गायरानं कसायला द्या, ही मागणी घेऊन माणसं तुरुंगात गेली. बायका तर कडेवरच्या पोरांसह गेल्या. ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, हाच सत्याग्रह देशभर सुरू झाला आणि लाखोंनी अटक करून घेतली. स्वतंत्र भारतात भूमिहीनांनी इतक्या मोठ्या प्रमाणावर, शांततेने आणि एका मागणीपत्रावर केलेलं दुसरं आंदोलन दाखवणं कठीण आहे. शाळेच्या पुस्तकांत त्याला अजून पुरेशी जागा मिळालेली नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं.

प्रश्न : १९६४ च्या मागणीपत्रात नेमकं काय होतं? त्यातलं किती पदरात पडलं?
(स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा वाचक, औरंगाबाद)

ते मागणीपत्र १ ऑक्टोबर १९६४ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना देण्यात आलं. मागण्या दहा होत्या. कसेल त्याची जमीन. पडीक आणि ओसाड जमीन भूमिहीनांना. धान्याचं वाटप नीट आणि भाववाढीला आळा. झोपडपट्टीवासीयांची परिस्थिती सुधारा. १९४८ च्या किमान वेतन कायद्याची पूर्ण अंमलबजावणी. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती. दलितांचा छळ थांबवा. अस्पृश्यता गुन्हा कायद्याखाली खरा न्याय द्या. नोकऱ्यांतल्या राखीव जागा १९७० पर्यंत भरा. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावा.

यादी पुन्हा एकदा वाचा. निम्म्या मागण्या एका जातीच्या नाहीत. कसेल त्याची जमीन, पडीक जमीन, धान्य, किमान वेतन, झोपडपट्टी या सगळ्याच गरिबांच्या आहेत. दादासाहेबांना संकुचित ठरवणाऱ्यांनी हे मागणीपत्र वाचलेलंच नसतं.

तैलचित्र १२ एप्रिल १९९० ला लागलं. नवबौद्धांना केंद्राच्या सवलती देणारी दुरुस्तीही १९९० चीच (महाराष्ट्राने राज्यापुरत्या त्या आधीच दिल्या होत्या). म्हणजे दोन मागण्यांना पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तोवर दादासाहेब हयात नव्हते. २९ डिसेंबर १९७१ ला ते गेले. छळाविरुद्धचा कठोर कायदा १९८९ मध्ये आला. जमिनीच्या बाबतीत महाराष्ट्रात तीन वाटा निघाल्या. कमाल जमीन धारणा कायद्याखाली निघालेल्या अतिरिक्त जमिनीचं वाटप ही पहिली, गायरानावरच्या जुन्या अतिक्रमणांना मान्यता ही दुसरी, आणि २००४ पासून शासनाने जमीन विकत घेऊन देण्याची ही योजना तिसरी.

प्रश्न : योजनेत किती जमीन मिळते, कोणाला मिळते आणि अर्ज कुठे करायचा? गावात प्रत्येक जण वेगळं सांगतो.
(एक शेतमजूर, जि. परभणी)

पूर्ण नाव ‘कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना’. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या, दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन शेतमजूर कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते. वयाची अट १८ ते ६०. विधवा, परित्यक्ता आणि अत्याचारग्रस्त यांना प्राधान्य आहे.

सुरुवातीला निम्मं अनुदान आणि निम्मं बिनव्याजी कर्ज असं होतं. ज्याच्याकडे बैल नाहीत, विहीर नाही, त्याच्या डोक्यावर पहिल्या दिवसापासून कर्ज बसायचं. २०१८ च्या शासन निर्णयाने ही चूक सुधारली आणि अनुदान शंभर टक्के झालं. त्याच निर्णयात खरेदीची कमाल मर्यादा जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला एकरी ८ लाख ठरली. म्हणजे एका कुटुंबासाठी जिरायत घेतली तर जास्तीत जास्त २० लाख, बागायत घेतली तर १६ लाख. पैसे शासन थेट विक्रेत्याला देतं. तुम्ही कोणालाही रोख रक्कम द्यायची नाही. ‘यादीत नाव घालतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तो तुम्हाला फसवतो आहे.

अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात करायचा. सोबत जातीचा दाखला, दारिद्र्यरेषेच्या यादीतल्या नावाचा पुरावा, तहसीलदारांचा भूमिहीन असल्याचा दाखला, शिधापत्रिका, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका. पुढच्या पाठपुराव्याला तोच कागद लागतो.

अर्ज अडतो तो बहुतेक वेळा दोन ठिकाणी. एक म्हणजे भूमिहीनतेचा दाखला. आजोबांच्या नावावर कुठेतरी सात-आठ गुंठे असतात, वारस नोंदीत वडिलांचं आणि तुमचं नाव आपोआप लागलेलं असतं आणि घरात कोणाला ते माहीतही नसतं. अर्जाआधी गावच्या ८-अ मध्ये (खातेदारांच्या नोंदवहीत) आपल्या नावाचं खातं आहे का ते पाहून घ्या. दुसरं म्हणजे महसूल विभागाकडून गायरान किंवा सीलिंगची (कमाल जमीन धारणा कायद्यातली) जमीन आधी मिळालेली असली तर या योजनेत लाभ मिळत नाही. कागदावर मिळालेली पण ताबा कधीच न मिळालेली सीलिंगची जमीन असणारे अनेक जण इथेच अडकतात. त्यांनी योजनेच्या मागे न लागता आधी तहसीलदारांकडे ताब्यासाठी अर्ज करावा. जमीन आधीच तुमची आहे.

प्रश्न : अर्ज मंजूर होऊन दोन वर्षं झाली. कार्यालयात गेलं की ‘जमीन उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर.
(जि. बुलढाणा)

योजनेची खरी अडचण हीच आहे. शासन जमीन कोणाची हिसकावून देत नाही, विकणारा मिळाला तरच खरेदी होते. शहराजवळ, महामार्गालगत, कालव्याखाली पाच किंवा आठ लाखांत एकर कोणी देत नाही. दर शीघ्रसिद्ध गणकाच्या (सरकारी रेडी रेकनरच्या) किमतीपासून सुरू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती वाटाघाटी करते. या सगळ्याला लागणारे महिने पाहून विक्रेता खाजगी गिऱ्हाइकाकडे वळतो. शिवाय काही गावांत सरळ सांगितलं जात नाही, पण दलित कुटुंब शेजारचा बांधकरी म्हणून नको असतं. ते बोलून न दाखवता भाव वाढवून सांगितला जातो.

यावर एकच गोष्ट चालते : कार्यालयाची वाट न पाहता विक्रेता स्वतः शोधा. शेती सोडून शहरात स्थायिक झालेली किंवा वाटण्यांमुळे विकायला काढलेली कुटुंबं प्रत्येक तालुक्यात आहेत. एकट्यासाठी चार एकर शोधण्यापेक्षा तिघा-चौघांनी मिळून बारा-सोळा एकरांचा सलग तुकडा शोधला तर विक्रेताही लवकर तयार होतो आणि पुढे विहीर, रस्ता, कुंपण एकत्र करता येतं. विक्रेत्याने समाजकल्याण कार्यालयाकडे लेखी प्रस्ताव द्यायचा असतो. एक मात्र लक्षात ठेवा. जमीन ज्या गावात मिळते तिथल्या पात्र कुटुंबांचा हक्क आधी, अर्जदार जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकल्या जातात, आणि त्या गावात कोणी नसेल तर शेजारच्या गावाचा नंबर लागतो. म्हणून शक्यतो स्वतःच्या गावच्या शिवारातच शोधा.

प्रश्न : समितीने दाखवलेली जमीन घेण्याआधी आपण काय पाहावं?
(जि. लातूर)

डोंगरउताराची, खडकाळ किंवा नदीकाठची क्षारपड जमीन या योजनेत घेऊ नये, असं योजनेतच म्हटलेलं आहे. तरी अशा जमिनी पुढे येतात, कारण विकायला तयार असतात त्या त्याच. म्हणून स्वतः जा, आणि उन्हाळ्यात जा. मे महिन्यात शेजारच्या विहिरीत किती पाणी आहे ते पाहा. दोन-तीन ठिकाणी कुदळीने खणून मुरूम किती खोलीवर लागतो ते बघा. वीतभर मातीखाली मुरूम असेल तर ज्वारीसुद्धा धड येणार नाही.

मग सातबारा हातात घ्या. चार एकर म्हणजे साधारण १ हेक्टर ६२ आर, दोन एकर म्हणजे ८१ आर. हा आकडा ‘लागवडीयोग्य क्षेत्र’ या रकान्यात असायला हवा. खाली ‘पोटखराब’ म्हणजे लागवडीला न येणारं क्षेत्र वेगळं दाखवलेलं असतं. एकूण क्षेत्र चार एकर भरतं, पण त्यातला अर्धा एकर ओढ्याचा पोटखराब निघतो, असं वारंवार होतं. ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, बहिणींचे हक्क, कुळाचं नाव, न्यायालयातला दावा यांपैकी काही आहे का ते वाचा. भोगवटादार वर्ग-२ लिहिलेलं असेल तर परवानगीशिवाय ती विकताच येत नाही. मोठ्या गटातून तुकडा घेणार असाल तर मोजणी करून हद्दीचे दगड रोवल्याशिवाय होकार देऊ नका. सर्वांत शेवटी नकाशावर बघा, रस्ता बांधापर्यंत येतो का.

न पटलेली जमीन लेखी कारण देऊन नाकारा. तोंडी नाकारली तर ‘लाभार्थी इच्छुक नाही’ असा शेरा पडतो.

प्रश्न : वडील १९८५ पासून गायरानातले तीन एकर कसत होते. आता अतिक्रमण काढण्याची नोटीस आली आहे.
(जि. बीड)

दादासाहेबांच्या सत्याग्रहाचा थेट वारसा तो हाच. १९९१ च्या शासन निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय आणि भूमिहीन लोकांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. शेवटची तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची आहे. त्याआधीच्या अतिक्रमणांसाठी पूर्वीचा निर्णय होता. तुमचा १९८५ चा ताबा या मुदतीत बसतो. प्रश्न फक्त तो सिद्ध करण्याचा आहे.

पुरावा म्हणून सगळ्यात वजनदार कागद म्हणजे गाव नमुना १-ई, अतिक्रमणांची नोंदवही. तलाठ्याकडे (आताचे ग्राम महसूल अधिकारी) किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात १९८५ ते १९९० या प्रत्येक वर्षाची नक्कल लेखी अर्ज करून मागा. त्यानंतर दंडाच्या पावत्या. सरकारने ‘अतिक्रमण केलं’ म्हणून आकारलेला दंडच आज तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे, म्हणून घरातल्या पत्र्याच्या पेट्या उपसा. त्या काळच्या सातबाऱ्यावरची पीकपाहणी आणि जुने पंचनामेही चालतात. आजची ई-पीक पाहणी खातेदाराच्या नावाने होते, त्यामुळे गायरान कसणाऱ्याला ती उपयोगी पडत नाही. जुनाच कागद शोधावा लागतो.

दावे फेटाळले जातात त्याची कारणं ठरलेली आहेत. मधल्या दोन वर्षांची नोंद नसते. सर्व्हे नंबरचा गट नंबर झालेला असतो आणि जुळणी जोडलेली नसते. १-ई मध्ये वडिलांचं घरगुती नाव आणि शिधापत्रिकेत वेगळं नाव असतं. वडील वारल्यावर दंड काकांच्या नावाने भरलेला असतो. कधी जमीन गायरान नसून वनखात्याची निघते. मग हा निर्णय लागू होत नाही आणि २००६ च्या वनहक्क कायद्याची वाट धरावी लागते.

‘सर्वोच्च न्यायालयाने गायरान देणं बंद केलंय’ असं तुम्हाला सांगतील. गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगणारा २०११ चा जगपाल सिंग निकाल कडक आहे आणि त्यानंतर राज्यानेही गायरान वाटपाला आळा घातला, हे खरं. पण त्याच निकालात अपवाद सांगितला आहे : शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिलेला असेल, तर अपवादात्मक बाब म्हणून तो नियमित करता येतो. उत्तरात हा अपवाद आणि १९९१ चा निर्णय दोन्हींचा उल्लेख करा.

नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. सोबत नियमित करण्याचा स्वतंत्र अर्जही तहसीलदारांकडे द्या. अर्ज फेटाळला तर लेखी आदेशाची प्रमाणित प्रत मागा. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर महसूल संहितेखाली ६० दिवसांत अपील करता येतं, इतर बाबतींत ९० दिवसांत. कार्यालयात ‘बघू’ म्हणून महिने घालवले की ही मुदत निघून जाते.

प्रश्न : दादासाहेबांनी काँग्रेसशी युती करून चळवळ विकली, असं आमच्या वडिलांच्या पिढीतले काही जण म्हणत. तुमचं मत?
(ठाणे)

आंबेडकरी चळवळीचा रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला स्थापन झाला आणि दोन वर्षांतच फुटला. भूमिहीनांचा सत्याग्रह हे डाव्यांचं राजकारण आहे, बाबासाहेबांच्या घटनात्मक मार्गाशी ते जुळत नाही, असं पक्षातल्या बी. सी. कांबळे यांच्या गटाचं म्हणणं होतं. पुढे १९६७ च्या सुमारास दादासाहेबांनी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी हातमिळवणी केली. त्यातून काही जागा मिळाल्या, पण पक्षाची स्वतंत्र ताकद घटली आणि फूट पडण्याची सवय लागली. ही टीका खरी आहे, ती झाकायचं कारण नाही. ‘विकली’ हा शब्द मात्र अन्यायाचा आहे. युती करणारा माणूस तोच होता, ज्याने त्याआधी लाखो माणसं शांतपणे तुरुंगापर्यंत नेली. सत्तेजवळ गेल्याशिवाय जमिनीचे निर्णय होत नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. आमच्या मते तो हिशेब चुकला, कारण सत्याग्रहाचा दाब सैल पडल्यावर सरकारला घाई उरली नाही.

प्रश्न : या योजनेत मिळालेली जमीन कोणाच्या नावावर होते? पुढे विकता येते का?
(जि. सोलापूर)

पती-पत्नी दोघांच्या नावावर होते. विधवा किंवा परित्यक्ता असेल तर तिच्या एकटीच्या. विकता येत नाही, कोणाच्या नावावर करून देता येत नाही आणि स्वतः कसावी लागते, तसा करारनामा होतो. सावकार किंवा शेजारी साध्या कागदावर ‘कायमची’ लिहून घेऊ पाहतील, त्यावर सही करू नका. खरेदीनंतर फेरफार (मालकी बदलाची नोंद) मंजूर होऊन दोघांची नावं सातबाऱ्यावर आली का, हे स्वतः पाहा. पत्नीचं नाव ‘विसरलं’ जाण्याचे प्रकार होतात. नाव लागल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत विहिरीसाठी अर्ज करा. नव्या विहिरीला किमान ०.४० हेक्टर जमीन लागते आणि या योजनेच्या लाभार्थ्यांना तिथे प्राधान्य आहे.

प्रश्न : जमीन मिळाली, पेरणीही केली, पण शेजारी आता बांधावरून गाडी जाऊ देत नाही.
(जि. जालना)

पूर्वीपासून वहिवाटीचा रस्ता होता आणि तो आता अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे दावा लावा. रस्ता अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो लावावा लागतो, म्हणून अडवल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा आणि फोटो काढा. रस्ताच नव्हता, नवा हवा असेल, तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. त्या अर्जाला दोन्ही गटांचे सातबारा आणि गटाचा नकाशा जोडा. दोन्ही मागण्या एकाच अर्जात घालू नका. तसे अर्ज हमखास परत येतात.

आणि अडवणूक जातीमुळे होत असेल तर ती नुसती बांधाची भांडणं नाहीत. अनुसूचित जातीच्या माणसाला मिळालेल्या जमिनीचा, पाण्याचा उपभोग घेण्यात अडथळा आणणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(g) खाली गुन्हा आहे. त्याची फिर्याद पोलीस ठाण्यात वेगळी द्यायची. तहसीलचा दावा चालू आहे म्हणून पोलीस ती नाकारू शकत नाहीत.